विहिरीतला दरोगा

आमच्या घरात आम्ही चौघे होतो. बाबा, माय, मी आणि दरोगा. चौघांत सगळ्यात कमी खाणारा, सगळ्यात कमी बोलणारा आणि गल्लीत सगळ्यात जास्त मान असलेला दरोगा. तो आमच्या विहिरीत राहायचा. तो कासव होता हे सांगायचं राहिलंच, पण आमच्या वस्तीत ते कुणाला सांगावं लागत नसे. पाणी भरायला आलेली बाई आधी काठावरून वाकून पाहायची, आणि दरोगा वर आलेला दिसला की म्हणायची, चला, ड्यूटीवर हाय. मग बादली सोडायची. मी शाळेतून आलो की माय आधी त्याची हकीकत सांगायची आणि मग विचारायची, तू जेवला का. एकुलता एक मुलगा असून घरात माझा नंबर चौथा होता. माझी प्रगतिपुस्तकं आठवली की त्यात कुणी माझ्यावर अन्याय केला असं म्हणायला आज तोंड उघडत नाही.

बाबा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. कामठी रोडच्या मागे त्यांनी एक छोटी जागा घेतली आणि तिच्यावर आधी विहीर खोदली, मग घर बांधलं. मायला पहिले सहा महिने ताट्यांच्या झोपडीत काढावे लागले, आणि हा मुद्दा तिनं पुढे चाळीस वर्षं, भांडण कशाचंही असो, वापरला. बाबांच्या गावच्या विहिरीत एक कासव होतं. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं, बाबांनाही. पण त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. आमच्या लोकांनी विहिरीच्या काठाशी जायचं नाही, लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून घागरीत पाणी ओतेल, असा तिथला रिवाज. वाकून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. लय मोठं हाय म्हणे, एवढंच त्यांनी ऐकलेलं. पुढे ते नागपूरला आले, दीक्षा घेतली, नोकरी पक्की झाली, विहीर खोदली, आणि झरा लागल्याच्या आठव्या दिवशी सायकल काढून कन्हानला गेले ते नदीत मासे धरणाऱ्या एका ढीवराकडून ओल्या पोत्यात कासव घेऊनच परतले. कासव पाण्यातले किडे खातं, पाणी साफ ठेवतं, हे कारण ते सगळ्यांना सांगायचे. पण तेवढ्यासाठी माणूस रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाच मिनिटं काठावर दोन्ही हात टेकून आत पाहत उभा राहत नाही.

शेजारचे शामराव मोठे चहाटळ. कासव आल्या दिवशीच त्यांनी बाबांना हटकलं होतं, की काहून गा, दीक्षा घेतली अन् अवतार घरी आणला? बाबा म्हणाले, अवतार त्याईचा, आमचा नोकर हाय. पानी साफ करते अन् पगार मांगत नाही. दरोगा हे नावही शामरावांचंच. वर येते, सगळ्याईकडे पाहते, खाली जाते, काही करत नाही, म्हणून दरोगा. (आज कुणी असं कासव घरी आणलं तर वनखात्याची माणसं दारात उभी राहतील, आणि राहायलाच पाहिजेत. तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.)

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात जसेच्या तसे आहेत. सकाळी शेडचा भोंगा, त्याच्या मागोमाग विहिरीच्या दोराखाली फिरणाऱ्या गडगडीची करकर, मग बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज, ज्यावरून पाणी किती खाली गेलं ते कळायचं. उन्हाळ्यात अंगणभर बाजा टाकलेल्या आणि त्यांवर मायची जुनी लुगडी, लुगड्यांवर कुरड्या, आणि मला कावळे हाकायचं काम. मी कावळ्यांपेक्षा जास्त कुरड्या खाल्ल्या हे मायला माहीत होतं. तरी तिनं मला त्या कामावर का ठेवलं हे मला अजून उमगलेलं नाही. संध्याकाळी भात शिजला की ती पहिला गोळा हातात घेऊन विहिरीवर जायची आणि काठावरून सोडायची. डुबुक. दोन मिनिटं काहीच नाही. मग काळ्या पाण्यातून अंगठ्याएवढं एक डोकं वर. माय म्हणायची, खा बापू. मग आम्ही जेवायचो.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी सांगतो आहे त्या उन्हाळ्यात बाबांनी कूलर केला. केला म्हणजे खरोखरच केला, विकत आणला नाही. पत्रा कापला, वाकवला, रिबिटा मारल्या, तीन बाजूंना खसच्या ताट्या बसवल्या, कुठून तरी एक दणदणीत पंखा मिळवला आणि खालच्या टाकीत एक जुना पंप ठेवला. लोखंडी तिवईवर तो कूलर खिडकीशी उभा राहिला आणि चालू झाला तेव्हा शेडमधलं एखादं इंजिन आमच्या घरी पाहुणं आल्यासारखं वाटलं. गल्लीतला तो पहिला कूलर. पारबतामावशी, म्हणजे शामरावांच्या घरच्या, दुपारी पापड लाटायच्या निमित्तानं येऊन त्याच्यासमोर पदर सोडून बसायच्या आणि म्हणायच्या, सरग हाय वं हा. बाबांनी नियम एकच घातला होता: कूलरला हात लावायच्या आधी बटन बंद. पाणी भरायचं असो, ताटी हलवायची असो, आधी बटन. हा नियम त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतला की मला पाढ्यांपेक्षा तोच चांगला पाठ होता.

मे महिन्यात विहीर उपसायला डोमाजी आला. दर दोन-तीन वर्षांनी तो आणि त्याचा भाऊ यायचे, पाणी काढायचे, तळाचा गाळ टोपल्यांनी वर द्यायचे. दोन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झऱ्याचं नवं पाणी कमरेइतकं चढायचं, आणि मग गल्ली जमायची, आणि बाबा आपल्या हातानं दरोग्याला टोपलीत बसवून खाली सोडायचे. हा आमच्या गल्लीचा सणच. तो झाल्याशिवाय कुणी त्या पाण्याला घागर लावत नसे. मधले दोन दिवस दरोगा कडुनिंबाखाली जस्ताच्या टबात. त्याला सांभाळायचं काम या वेळी बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे दिलं. मी तेरा वर्षांचा होतो. पाणी गरम झालं की बदलायचं, बस. बाबा म्हणाले, जमन ना? मी म्हणालो, त्याच्यात काय हाय.

पहिल्या दिवशी मी पाणी पाच वेळा बदललं. विहीर उपसलेली, म्हणून पाणी चार घरं सोडून असलेल्या नळावरून आणायचं, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली माती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनदा बदललं. तिसऱ्यांदा टबात हात घातला तर पाणी चहाला ठेवल्यासारखं, आणि दरोगा मान आत ओढून दगडासारखा. मला त्याची दया आली हे खरं आहे. मला नळापर्यंत जायचा कंटाळा आला हेही खरं आहे. दोन्ही कारणं एकमेकांना इतकी छान मिळाली की त्यांच्यातून माझ्या आयुष्यातली पहिली स्वतंत्र कल्पना जन्माला आली. घरात एक टाकी होती, जिच्यात पाणी सतत थंड असतं आणि सतत फिरतं. मी आत गेलो. माय कूलरसमोर झोपली होती. मी बटन बंद केलं, नियमाप्रमाणे. मागून एक ताटी काढली, दरोग्याला दोन्ही हातांनी आत ठेवलं, ताटी लावली, हात पुसले आणि बटन सुरू केलं. मग मायच्या शेजारी जाऊन पडलो. माझ्या हाताला जो नियम होता तो दरोग्यालाही लागू असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी पुढे नोकरी केली, लोकांना कामं वाटून दिली, सुरक्षिततेची परिपत्रकं काढली. प्रत्येक परिपत्रकावर सही करताना मला ती ताटी आठवायची.

चारच्या सुमाराला मायनं मला हलवलं. हवा गरम येऊन राहिली, पाह्य बरं, म्हणाली, आणि कुरड्या उलटायला बाहेर गेली. पंखा फिरत होता, पाणी वर चढत नव्हतं. मी मागे गेलो, ताटी काढली. दरोगा पाण्यावर होता. मान पूर्ण बाहेर, इतकी लांब की ती एवढी लांब असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चारी पाय सैल. मी हात घातला. बटन बंद केलं नव्हतं. उजव्या हातात काहीतरी आदळलं आणि मी मागे भिंतीवर जाऊन बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. हात खांद्यापासून खाली माझा नव्हता. मग डाव्या हातानं बटन बंद केलं आणि डाव्या हातानंच त्याला बाहेर काढलं. पाठीवरून पाणी गळत होतं. मी त्याला हाक मारली नाही, हलवून पाहिलं नाही. मला कळलं होतं.

इथे मी रडलो असं लिहायला हवं. मी रडलो नाही. हाताचा बधिरपणा वर चढत गेला आणि मी सगळा तसा झालो, असं म्हणतो, कारण दुसरं काही सुचत नाही. मी बनियनच्या पोटात त्याला धरलं, मागच्या दारानं न्हाणीमागे गेलो, जिथे सांडपाण्यावर दोन केळी वाढल्या होत्या आणि माती मऊ होती. खुरप्यानं खड्डा केला. डोमाजीची टोपली वर येताना गडगडी वाजत होती, आणि मी त्या आवाजाच्या तालावर माती काढत होतो, हे नंतर माझ्या लक्षात आलं. त्याला ठेवलं, माती लोटली, वर केळीचं वाळलं पान टाकलं. मग कडुनिंबाखाली जाऊन रिकाम्या टबात पाणी भरलं, नळावरून, दोन बादल्या. वर फळी ठेवली, फळीवर ओलं पोतं, पोत्यावर वीट. एवढी नीट व्यवस्था मी दरोगा जिवंत असताना एकदाही केली नव्हती.

संध्याकाळी बाबा आले. डोमाजीनं त्यांना सांगितलं की काम झालं, झरा चांगला हाय, सकाळी पानी. बाबा खूश होते. मायनं सांगितलं की कूलर बंद पडला. ते आत गेले, बटन बंद केलं, ताटी काढली, आणि मी दारात उभा राहून पाहत राहिलो. त्यांनी पंप वर काढला. पंपाच्या वायरचा जोड त्यांनी टाकीच्या कडेला, पाण्याच्या वर, तारेनं बांधून ठेवला होता. तो आता खाली लोंबत होता आणि त्याच्यावरची टेप फाटलेली होती, उभी, तीन ठिकाणी, मांजरानं ओरबाडावी तशी. बाबांनी ती टेप बोटानं चाचपली. मग टाकीतल्या पाण्यात पाहिलं. उकिडवे बसले होते ते तसेच बसून राहिले. मग मान न वळवता विचारलं.

"कूलरले कोन हात लावला?"

"मी."

"बटन बंद करून?"

मी बटनाकडे पाहिलं. ते उठले, माझ्यापाशी आले. मी गाल तयार ठेवला. बाबा कधी मारत नसत, पण आजचा दिवस त्यासाठी चांगला होता.

"कोनता हात?"

मी उजवा पुढे केला.

"बोटं हालव. एकएक."

मी अंगठा हलवला. मग त्याच्या शेजारचं बोट. बाबा माझ्या बोटांकडे असे पाहत होते जसे ते शेडमधून आणलेल्या एखाद्या नाजूक भागाकडे पाहायचे. पाचही झाल्यावर म्हणाले, आता दुसरा. दुसऱ्या हाताला काही झालं नव्हतं, तरी मी पाचही हलवली. मग त्यांनी माझा हात सोडला. त्यांचा स्वतःचा हात कापत होता. मला वाटलं, रागानं. कित्येक वर्षं मी ते रागातच धरलं होतं. मला स्वतःला मुलगा झाला, तो चार वर्षांचा असताना त्यानं मिक्सरच्या वायरला हात लावला, आणि त्याच्या मागे धावताना माझा हात कापू लागला, तेव्हा मी तो धरून पाहत बसलो.

बाबांनी त्याच संध्याकाळी कूलर खोलला. रिबिटा छिन्नीनं उडवल्या, वायरी कापल्या, ताट्या अंगणात टाकल्या. माय विचारत राहिली, की उन्हाळा अर्धा बाकी हाय, पंपच गेला ना, दुसरा बसवा, सगळा काहून खोलून राहिले? बाबा एवढंच म्हणाले, की हे बरोबर नाही झालं. त्या पत्र्याची पुढे गव्हाची पेटी झाली. त्या वर्षीचे उरलेले दिवस आम्ही ओल्या चादरी अंगावर घेऊन काढले, आणि पारबतामावशींनी पापड आपल्या घरी लाटले.

जेवायला वांग्याचं भरीत, भाकर आणि कैरीचा तक्कू होता. मी चार भाकरी खाल्ल्या. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या दिवसाबद्दल मला सगळ्यात स्वच्छ आठवतं ते हेच, की भरीत चांगलं झालं होतं आणि मी मायला तक्कू परत मागितला. माझं तोंड, माझे दात आपापलं काम करत होते. जेवणाआधी माय भाताचा गोळा घेऊन कडुनिंबाखाली गेली होती, पोत्याचा कोपरा उचलून तिनं गोळा आत सोडला होता आणि खा बापू म्हणाली होती. मी ते ओसरीवरून पाहिलं होतं. जेवणानंतर बाबा हात धुवायला गेले ते टबापाशी थांबले. वीट उचलली, फळी सरकवली, कंदील खाली धरला. आत भात तरंगत असणार, दुसरं काही नाही. त्यांनी फळी परत लावली, पोतं नीट पसरलं, वीट होती तिथेच ठेवली आणि आत आले. मी स्वतःची समजूत घातली, की कंदिलाच्या उजेडात तळ दिसला नसेल. माझ्याजवळ तेवढीच समजूत शिल्लक होती.

सकाळ झाली. मी सगळ्यांच्या आधी उठून टब उलटा करून ठेवला होता. पुढची योजना नव्हती. विहिरीत पाणी चढलं होतं, स्वच्छ, हिरवट, आणि काठाला गल्ली जमायला लागली. बायका घागरी घेऊन, पोट्टे गडगडीच्या खांबाला लटकलेले. शामराव धुतलेलं धोतर नेसून आले होते आणि मोठ्यानं विचारत होते, की दरोगासाहेब ड्यूटीवर केव्हा रुजू होतात. डोमाजीनं टोपली दोर लावून तयार ठेवली. बाबा बंडीची बटणं लावत बाहेर आले. सगळे टबाकडे वळले, आणि टब पालथा.

"मी सोडलं," मी म्हणालो. "सकाळीच. मीच."

एकदम गलका झाला. पारबतामावशी म्हणाल्या, अशी कशी वं घाई या पोट्ट्याची, बापाचा मान घेतला. शामराव मला म्हणाले, दिल्या, रुजू करायचा अधिकार तुले कोनं दिला बे? माय माझ्याकडे पाहत होती. मी बाबांकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या चपलांकडे पाहत होतो. चपला हलल्या, काठापर्यंत गेल्या, थांबल्या. बाबांनी रोजच्यासारखे दोन्ही हात काठावर टेकले आणि वाकले. गलका हळूहळू थांबला. ते खूप वेळ वाकून होते. पाणी एवढं स्वच्छ होतं की तळाची कपार न् कपार दिसत असणार. आपल्या विहिरीत वाकून पाहायला ज्या माणसानं अर्धं आयुष्य वाट पाहिली, तो माणूस त्या रिकाम्या पाण्यात पाहत होता, आणि त्याच्यामागे अख्खी गल्ली त्याच्या एका शब्दासाठी घागरी धरून उभी होती.

"दिसलं," बाबा म्हणाले. "त्या कपारीत हाय. चला, भरा पानी."

आणि मग सगळ्यांनाच दिसलं. शामरावांना मान दिसली. पारबतामावशींना पाठ दिसली, आणि त्या म्हणाल्या, दोन दिवसात केवढं उजळलं वं. एका पोट्ट्यानं तर त्यानं डोळा मारल्याचं सांगितलं. घागरी सुटल्या, गडगडी करकरली, पाणी वर येऊ लागलं. मीही वाकलो, कारण न वाकणं बरं दिसलं नसतं. कपारीत काही नव्हतं. माझ्या आत दुःख नव्हतं, भीती नव्हती, सुटल्याचा आनंदही नव्हता. बाबा ड्यूटीवर गेले. मी बाजांवर कुरड्या टाकायला मायला मदत केली, आणि त्या दिवशी एकही खाल्ली नाही, एवढीच माझी शोकसभा.

त्यानंतर सहा-सात महिने आमच्या विहिरीत कासव नव्हतं आणि सगळ्यांना ते दिसत होतं. रोज संध्याकाळी माय भाताचा गोळा टाकायची. डुबुक. ती दोन मिनिटं थांबायची, वर काही यायचं नाही, ती परत यायची. लाजते आजकाल, ती एकदा पारबतामावशींना म्हणाली. बाबा रोज सकाळी काठावर हात टेकून वाकायचे. तेवढाच वेळ. मी त्या वेळी दात घासत असायचो आणि दात घासून संपत नसत. आम्ही दोघे त्याबद्दल बोललो नाही. ना त्या महिन्यांत, ना नंतर. न्हाणीमागच्या केळींपैकी एक त्या वर्षी खूप फोफावली. मी तिची केळी खाल्ली नाहीत, आणि बाबांनीही खाल्ली नाहीत, हे माझ्या खूप उशिरा ध्यानात आलं.

थंडी पडायला लागल्यावर एका रविवारी बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं. मी दांडीवर बसण्याच्या वयाचा राहिलो नव्हतो, माझे पाय जमिनीला लागत होते, पण त्यांनी बस म्हटलं आणि मी बसलो. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. कामठी मागे पडलं तेव्हा मला कळलं. कन्हानच्या पुलाखाली एक म्हातारा ढीवर जाळं वाळवत बसला होता. बाबांचं त्याच्याशी आधी बोलणं झालं असावं, कारण त्यानं काही न विचारता मडक्यातून एक कासव काढलं आणि ओल्या पोत्यात गुंडाळलं. ते बशीएवढं होतं. दरोगा ताटाएवढा. येताना पोतं माझ्या मांडीवर होतं आणि त्यातून मधूनमधून नख्या लागत होत्या. माझ्या मनात काही तरी हलेल म्हणून मी रस्ताभर वाट पाहिली. थंड वारा होता, पँट भिजली होती, एवढंच मला सांगता येईल.

घरी पोचलो तेव्हा दुपारची वेळ, गल्लीत सामसूम. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली आणि विहिरीकडे मान हलवली. मी पोतं उघडलं. टोपलीला दोर बांधताना माझी गाठ सुटली, बाबांनी ती परत बांधून दिली आणि दोर माझ्याच हातात ठेवला. मी सोडत गेलो. टोपली पाण्याला लागली, कलली, आणि ते आपल्या आपण उतरून गेलं. बाबा वाकले. मीही वाकलो. पाण्यावर दोन डोकी दिसत होती, एक त्यांचं, एक माझं, आणि दोन्हींच्या मधून ते खाली गेलं.

"आता खरं दिसन," बाबा म्हणाले, आणि हात झटकून जेवायला आत गेले.

गल्लीच्या लक्षात यायला तीन दिवस लागले. पारबतामावशींनी पाणी भरता भरता ओरड केली, की आटलं वं माय, दरोगा आटला, केवढासा राहिला पाहा. बायका जमल्या. शामराव म्हणाले, या घरचं अन्न त्याले मानवत नाही. मी दातांतली काडी चावत उभा होतो. बाबा दाढी करत होते, त्यांनी आरशातून न वळता सांगितलं की थंडीत कासव आखडते, शेडात एक साहेब सांगत होता. साहेबानं सांगितलेलं खोटं कसं असेल? गल्लीनं मान डोलावली. पुढे उन्हाळ्यात ते वाढलं तेव्हा त्यांचं म्हणणं पूर्णच सिद्ध झालं.

त्या दिवशी संध्याकाळी भात शिजला. मायनं नेहमीसारखा गोळा हातात घेतला आणि विहिरीवर गेली. मी मागे होतो. तिनं वाकून आत पाहिलं, बराच वेळ. मग हातातल्या गोळ्याचे दोन भाग केले, एक माझ्या हातावर ठेवला, दुसरा बोटांनी चुरून बारीक केला, आणि काठावरून सोडला. भात गरम होता. माझ्या तळहाताला तो भाजला, आणि भाजतो आहे हे मला कळलं.